सेवाक्षेत्रावर निघण्याआधीचा निवासी तयारीवर्ग: आई-वडिलांसकट घ्यावा असा

घरापासून लांब, दुसऱ्या देशात ख्रिस्ती सेवेला जाणाऱ्यांसाठी जे निवासी तयारीवर्ग चालतात त्यांची माहितीपत्रकं साधारण सारखीच असतात. भाषा कशी शिकायची, परकी संस्कृती, आरोग्य, सुरक्षितता, देणगीदारांना पत्रं कशी लिहायची. मी ज्या वर्गाला गेले त्याच्या पत्रकात अगदी खाली एक ओळ होती: 'एक दिवस कुटुंबीयांसाठी, ऐच्छिक'. मी तो वर्ग त्या ओळीसाठी निवडला. आता सेवाक्षेत्रावर काही वर्षं काढल्यावर हा अभिप्राय लिहिते आहे, तोही मुख्यतः त्या एका दिवसाबद्दल.

मी नर्स आहे, अविवाहित. घरी आई, बाबा आणि धाकटी बहीण. पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, ते खरं की मनाचे खेळ, हा या लिखाणाचा विषय नाही. ज्यांना ते आलं आहे, मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, ते पारखून घेतलं आहे आणि आता घर सोडायचं आहे, अशांसाठी लिहिते. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि असे वर्ग बऱ्याच ठिकाणी याच आराखड्यावर चालतात, त्यामुळे माझे मुद्दे तुमच्या वर्गालाही लागू पडतील.

राहण्याची सोय साधी, स्वच्छ. वेळापत्रक फार भरगच्च. सकाळच्या उपासनेपासून रात्रीच्या गटचर्चेपर्यंत मोकळा वेळ जवळजवळ नाहीच. घर सोडण्याच्या विचाराने आधीच पोखरलेल्या माणसाला दुपारी तासभर एकटं बसू द्यावं, एवढं तरी करायला हवं होतं.

कामाच्या गोष्टींची सत्रं चोख होती. पासपोर्टची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी अवधी असेल तर अनेक देश आत घेत नाहीत. पर्यटक व्हिसावर जाऊन धार्मिक काम करणं बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरतं. पीतज्वराची लस घेतल्यावर तिचा दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. हे सगळं एका निवृत्त मिशनरी डॉक्टरांनी शिकवलं आणि प्रत्येकाचा पासपोर्ट हातात घेऊन तारखा तपासल्या. माणसाला परक्या संस्कृतीत पाऊल टाकल्यावर बसणाऱ्या धक्क्याबद्दल कालेर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात जे टप्पे मांडले, तेही नीट समजावले: आधी सगळंच छान वाटतं, मग सगळ्याचाच राग येतो, मग हळूहळू जुळतं. राग येण्याचा टप्पा आला की घरी परतायचा निर्णय घेऊ नका, हे डॉक्टरांचं वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

निरोपाच्या तयारीसाठी डेव्हिड पोलॉक यांची 'राफ्ट' नावाची चौकट वापरली. देश बदलणाऱ्या कुटुंबांत ती बरीच प्रचलित आहे. चार कामं: ज्यांच्याशी बिनसलं आहे त्यांच्याशी मिटवून घ्या, ज्यांचं ऋण आहे त्यांना ते बोलून दाखवा, माणसांचा आणि जागांचा नीट निरोप घ्या, आणि मगच पुढच्या जागेचा विचार करा. कागदावर हे सोपं दिसतं. पण आम्हाला प्रत्येक कामासमोर माणसांची नावं लिहायला लावली, आणि नाव लिहिल्यावर पळवाट उरत नाही. मी बाबांच्या एका जुन्या मित्राचं नाव लिहिलं. माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी ते दिवसभर माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले होते आणि त्यांना आभाराचा शब्द कधी कोणी बोललं नव्हतं. निघण्याआधी त्यांच्या घरी जाऊन आले. हे सत्र मला पूर्ण गुण द्यावं असं वाटलं.

आता कुटुंबीयांच्या दिवसाकडे येते.

सकाळी पालकांना आणि आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पालकांच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं, मुलाला किंवा मुलीला जे विचारायचं राहिलं आहे ते लिहा, नाव लिहू नका. दुपारी सगळे एकत्र बसलो तेव्हा मार्गदर्शक बाईंनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. बहुतेकांचे प्रश्न अंदाज करावा तसेच होते: आजारी पडलीस तर बघणार कोण, लग्नाचं काय, परत कधी येणार. मग एक चिठ्ठी आली: 'पाचारण तिला आलं, आम्हाला का नाही आलं?' नाव नव्हतं, पण 'का' चा काना ओळीखाली ओढायची बाबांची सवय मला माहीत आहे.

अशा प्रश्नाला आमच्याकडे उत्तरं तयार असतात. अब्राहामाला देश आणि नातलग सोडायला सांगितलं होतं. 'माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही' हे येशूचं वचन आहे. बाईंनी यातलं काहीही काढलं नाही. त्यांनी डोरोथी कॅरींची गोष्ट सांगितली.

विल्यम कॅरी आपल्याला ठाऊक असतात. बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी कॅरी, 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारे, 1811 साली मराठी नवा करार काढणारे. त्यांच्या पत्नीबद्दल आपण फारसं बोलत नाही. 1793 साली कॅरी निघाले तेव्हा डोरोथींनी यायला नकार दिला होता. त्या गरोदर होत्या. परवान्याच्या अडचणीमुळे पहिल्या जहाजावरून कॅरींना उतरावं लागलं, आणि दुसरं जहाज मिळेपर्यंत जो थोडा अवधी हाताशी आला त्यात पुन्हा त्यांची मनधरणी झाली. तान्हं बाळ पदरात होतं. बहीण कॅथरिन सोबत येणार असेल तर येते, या अटीवर त्या तयार झाल्या, आणि घाईघाईत घर आवरून सगळे जहाजावर चढले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. डोरोथींचं मन त्यातून सावरलं नाही. 1807 साली त्या वारल्या, तोपर्यंतची बरीच वर्षं मानसिक आजारात गेली.

बाई एवढंच म्हणाल्या, ''कॅरींच्या कामाला मी कमी लेखत नाही, त्यांच्याच कामामुळे मी आज वचन वाचते. पण डोरोथीबाईंना विचारलं गेलं ते जहाज सुटायच्या घाईत. तुम्हाला आम्ही आज, वेळ हाताशी असताना विचारतोय. पाचारण एकाला येतं आणि त्याचा भार सगळ्या घरावर पडतो, हे आम्हाला कळतं. तुम्ही 'नाही' म्हणू शकता. 'हो, पण' असंही म्हणू शकता.''

बाबा 'हो, पण' म्हणाले. त्यांची अट अशी: आमच्यापैकी कोणाला काही झालं तर हिला त्याच दिवशी खरं सांगायचं, काळजी करेल म्हणून लपवायचं नाही, आणि तिकडे हिला काही झालं तर हिनेही आम्हाला तसंच सांगायचं. आईने जे मागितलं ते मी कधी कल्पनाही केली नव्हती. ती म्हणाली, ''उपासनेनंतर लोक येऊन हात धरतात आणि म्हणतात, तुम्ही धन्य, लेक देवाच्या कामाला दिलीत. असं म्हटलं की मला रडता येत नाही. तेवढं थांबवा.''

बाईंनी ते लिहून घेतलं. वर्ग संपल्यावर आमच्या पाळकसाहेबांना संस्थेकडून जे पत्र गेलं त्यात माझ्या कामाची माहिती होती, मंडळीने प्रार्थना कशासाठी करावी ते होतं, आणि आईची ही विनंतीही होती. पाळकसाहेबांनी ती मंडळीला सांगितली. आता उपासनेनंतर बायका आईजवळ येऊन बसतात आणि 'फोन आला होता का?' एवढंच विचारतात. दुसरं काही जमलं नसतं तरी एवढ्यासाठी मी या वर्गाचं नाव घेतलं असतं.

त्याच दुपारी अर्ध्या तासाचं एक छोटं सत्र होतं, ते मोठं करायला हवं. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधक 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम करत होत्या. माणूस गेला असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही, अशा दुःखाला धड शेवट नसतो आणि त्याचे कुठले विधीही नसतात, हे त्यांनी मांडलं. लेक जिवंत आहे, सुखात आहे, देवाच्या कामावर आहे, मग ताट वाढताना डोळे का भरून येतात? आई ते ऐकून माझ्याकडे वळून म्हणाली, ''म्हणजे हे सगळ्यांनाच होतं.'' तिच्या विश्वासात काही उणं आहे असं तिला वाटत होतं. ते तिथे संपलं.

संध्याकाळी घरोघरचे करार लिहिले. आमचा दोन पानी होता. आणीबाणीत कोणत्या कारणासाठी मी कुणाची परवानगी न मागता निघायचं, परतीच्या तिकिटाचे पैसे कुठे बाजूला ठेवलेले असतील, बाबांच्या वतीने बँकेत आणि दवाखान्यात सही कोण करेल, मुखत्यारपत्र कुणाच्या नावे. हे कागद किती मोलाचे आहेत ते बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा कळलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नर्स म्हणून पाठ आहे. पण मी समुद्रापलीकडे होते आणि पाठ असून काही उपयोग नव्हता. बहिणीने कपाटातला कागद काढला, कुणाला विचारत बसली नाही, बाबांना वेळेत दवाखान्यात नेलं, सही केली आणि मग मला फोन केला. खरं सांगायचं, त्याच दिवशी सांगायचं, हे ठरलेलंच होतं, म्हणून तिला शब्द शोधावे लागले नाहीत. तिकिटाचे पैसे बाजूला होते, तिकडच्या हॉस्पिटलला अशा रजेची आधीच कल्पना दिलेली होती. मी निघाले. बाबांची वाचा हळूहळू परत आली.

या प्रसंगातच वर्गाची सगळ्यात मोठी उणीव उघडी पडली. ज्या माणसाने हे सगळं निभावलं त्या माझ्या बहिणीला कुटुंबीयांच्या दिवसाचं बोलावणंच नव्हतं. 'कुटुंबीय' म्हणजे आई-वडील असं धरून चालले होते. एक मूल देवाच्या कामाला लांब जातं तेव्हा जे मूल घरी उरतं, त्याला आपोआप एक नेमणूक मिळते. तिला कुणी विचारलं नाही, तिच्यासाठी मंडळीत उभं राहून प्रार्थना झाली नाही, तिच्या हातात नेमणुकीचं पत्र नाही. करारात तिचं नाव सही करणारी म्हणून होतं, पण लिहिताना ती खोलीत नव्हती. नोकरीसाठी तिला दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि ती गेली नाही, हे तिने मला नंतर कधीतरी सहज बोलता बोलता सांगितलं. डोरोथी कॅरींबरोबर जी बहीण गेली तिचंही नाव आपण क्वचितच घेतो.

येशूने वधस्तंभावरून आईची व्यवस्था लावली ती दोघं समोर उभी असताना: हा तुझा मुलगा, ही तुझी आई. योहान तिथेच होता, त्याच्या तोंडावर सांगितलं. वर्गात हा उतारा वाचला गेला होता. मग योहानाच्या जागी जी भावंडं आहेत त्यांना खोलीत का बोलावत नाहीत, हा माझा संस्थेला प्रश्न आहे.

दुसरी तक्रार पैशांची. देणगीदारांकडून पाठबळ कसं उभं करायचं, महिन्याचं अंदाजपत्रक कसं मांडायचं, यावर एक पूर्ण सकाळ खर्च झाली. भाडं, प्रवास, विमा, भाषाशिक्षण, हॉस्पिटलचा हिस्सा, सगळ्यांना रकाने होते. आई-वडिलांना दरमहा काही पाठवायचं असेल तर त्याला रकाना नव्हता. मी विचारलं तर शिकवणारे म्हणाले, देव त्यांची काळजी घेईल. देव घेतोच. पण मार्काच्या सातव्या अध्यायात येशू नेमक्या याच वागण्यावर रागावला आहे: आई-वडिलांना जे द्यायचं ते 'देवाला अर्पण' म्हणून बाजूला काढायचं आणि त्यांच्याबाबतचं कर्तव्य झटकायचं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने फार कडक शब्द वापरले आहेत. देणगीदारांनाही हे सांगायला लाजायचं कारण नाही. मी माझ्या अंदाजपत्रकात तो रकाना स्वतः घातला, पाठबळ देणाऱ्या प्रत्येक मंडळीला दाखवला, आणि एकाही मंडळीने त्यावर बोट ठेवलं नाही. उलट एका वयस्कर सभासदांनी विचारलं की बाकीच्यांच्या यादीत हे का नसतं.

तिसरी गोष्ट, संध्याकाळच्या साक्षी, म्हणजे देवाचे अनुभव सांगणारी भाषणं. बोलावलेले बहुतेक वक्ते विजयाचीच साक्ष देत. अपवाद एका कॅथलिक फादरांचा. ते फ्रान्सिस झेवियर यांच्यावर बोलले. 1541 साली लिस्बन सोडलेले झेवियर पुन्हा युरोप पाहू शकले नाहीत. सोबत्यांची पत्रं यायला वर्ष-वर्ष लागायचं. त्या पत्रांतल्या सोबत्यांच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि आपल्या व्रताच्या कागदाबरोबर त्या अंगावर बाळगायचे. 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले. त्यांना परत बोलावणारं त्यांच्या संघाचे प्रमुख इग्नेशियस लोयोला यांचं पत्र त्यानंतर काही महिन्यांनी लिहिलं गेलं, कारण मृत्यूची बातमी अजून पोचलीच नव्हती. संत माणसालाही माणसांची ओढ लागते, आणि त्या ओढीची लाज वाटायचं काही कारण नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. फादरांनी मदर तेरेसांचंही सांगितलं. 1928 साली अठराव्या वर्षी घर सोडलं, त्यानंतर आईची भेट नाही. आई अल्बेनियात अडकली, तिथल्या सरकारने दार बंद ठेवलं आणि 1972 मध्ये ती तिथेच वारली. आज फोन आहे, विमान आहे, म्हणून आपण गाफील राहतो. पण व्हिसा नाकारला जातो, सीमा बंद होतात. आमच्या करारात 'येता आलंच नाही तर काय' हा परिच्छेद आला तो फादरांच्या या बोलण्यामुळे.

फोनबद्दल जे शिकवलं ते मात्र बावनकशी. पहिला नियम: स्वतःच्या आजाराची, अपघाताची, घाबरवणारी कोणतीही बातमी प्रार्थनापत्रात जाण्याआधी घरी गेली पाहिजे. लेकीला मलेरिया झाल्याचं आईला शंभर देणगीदारांबरोबर कळू नये. दुसरा: घरच्या फोनला अहवाल बनवू नका. कामाचं, किती लोक आले त्याचं, प्रार्थना कशी फळली त्याचं सांगायचंच, पण तेवढंच सांगितलं की आई-बाबाही मग सभेत बसल्यासारखे ऐकतात. तिसरा मला सर्वांत आवडला: दर वेळी समोरासमोर बसून बोलण्याचा अट्टहास नको. व्हिडिओ चालू ठेवून फोन कुठेतरी टेकवा आणि दोन्हीकडे आपापली कामं करा. मी गणवेशाला इस्त्री करते, तिकडे आई भाजी निवडते, बाबा मधूनच चश्मा कुठे ठेवला म्हणून विचारतात आणि मी इथून सांगते की फ्रिजवर आहे, मागे दिसतोय. आजारपणानंतर बाबांना सलग बोलणं जड जायचं तेव्हा तर याच सवयीने आम्हाला तारलं.

शेवटची उणीव परतीची. जाण्याची एवढी तयारी करून घेतली, पण रजेवर घरी येण्याबद्दल एक शब्द नाही. पहिल्या रजेत मंडळ्यांना भेटी, साक्षी, जेवणाची आमंत्रणं यांतच दिवस भरून जातात आणि घरच्यांना पाहुण्यासारखं वाट्याला येतो आपण. संस्थेने निदान इतकं बजावून सांगावं: रजेचा पहिला भाग घरचा, मंडळ्यांचे कार्यक्रम त्यानंतर. मी हे त्यांना लेखी कळवलं आहे, भावंडांचंही कळवलं आहे. भावंडांबद्दल उत्तर आलं की पुढच्या वर्गापासून बोलावणं सगळ्या घराला जाईल. रजेबद्दल अजून काही आलेलं नाही.

एकूण पाहता घ्यावा का हा वर्ग? हो. भाषेचं, संस्कृतीचं पुष्कळसं तुम्ही पुस्तकातून, जुन्या मिशनऱ्यांकडून शिकू शकाल. आई-वडिलांना त्यांचा प्रश्न विचारायला जागा मात्र दुसरं कुणी सहसा देत नाही. आपल्याच घरात, आपल्याच पाळकांसमोर तो विचारणं त्यांना अवघड जातं. विवाहित जोडप्यांनी तर दोन्हीकडच्या आई-वडिलांना आणावं. ज्यांच्या घरच्यांचा विश्वास वेगळा आहे आणि या निर्णयाला विरोध आहे, त्यांच्या पालकांनाही बाईंनी त्याच आदराने ऐकून घेतलं. आमच्या तुकडीत असे एक वडील होते, ते शेवटपर्यंत 'नाही'च म्हणाले आणि कुणी त्यांना वळवायला गेलं नाही. तो मुलगा वर्षभर थांबून निघाला, आणि वडील सोडायला आले होते.

अर्ज भरताना कुटुंबीयांचा दिवस 'ऐच्छिक' लिहिलेला असतो, तिथे खूण करा. घरच्यांना रजा आधीच टाकायला सांगा, आणि भावंडांची नावं बोलावण्याची वाट न पाहता स्वतःच लिहून टाका.